शेवटचा स्वर तुमचा

दादा

पलंगाखालून अ‍ॅकॉर्डियन ओढताना दादाच्या पाठीत उसण भरली आणि त्याने ती बाबांच्या नावावर टाकली. बाबांना जाऊन महिना झाला होता. या महिन्यात घरात जे जे बिघडलं ते त्यांच्याच नावावर जात होतं. मोरीतला नळ, जिन्यातला दिवा, आणि कपाट कोणी न्यायचं यावरून घरात पडलेला अबोला. अबोला सकाळीच संपला होता, कारण संध्याकाळी शाळेच्या सभागृहात बाबांची स्मरणसभा होती आणि तिच्याबद्दल भांडायचं म्हणजे बोलणं भागच होतं.

भांडण एका स्वराचं होतं.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. आठवड्याच्या शेवटच्या तासाला ते फळा पुसायचे, खडू अ‍ॅकॉर्डियनच्या पेटीत टाकायचे, वाद्य गळ्यात अडकवायचे आणि स्वतःच बांधलेली एक चाल वाजवायचे. शेवटचा एक स्वर उरला की थांबायचे. "शेवटचा स्वर तुमचा," म्हणायचे. मग अख्खा वर्ग तो स्वर गायचा, घंटा व्हायची, पोरं सुटायची. ही पद्धत त्यांना पुढे इतकी आवडली की ती गणितातही शिरली. उदाहरण छान सोडवत आणायचं आणि शेवटची पायरी पोरांवर सोडायची. पालक तक्रार घेऊन यायचे, त्यांचीही तक्रार बाबा पाऊण ऐकायचे. घरी गोष्ट सांगताना राक्षसाने दाराला हात घातला की हे उठून पाणी प्यायला जायचे. आईशी वाद झाला तर सगळे मुद्दे मांडून म्हणायचे, शेवटचा शब्द तुझा. आईने तो जन्मभर आनंदाने घेतला.

आज ती चाल दादा वाजवणार होता. त्याला ही एवढीच चाल येत होती. शेवटचा स्वर खाली उतरतो असं त्याचं मत, तो वर चढतो असं काकांचं. वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, सकाळी खुर्च्या मोजता मोजता सांगून टाकलं होतं की माणूस गेला, आता तरी ती चाल पुरी करा, किती दिवस लोंबकळत ठेवणार. आईने मान हलवली. त्यामुळे पुरी करायची हे ठरलं. कुठे करायची हे ठरायचं होतं, आणि वाद्य न्यायला हेडमास्तर कुठल्याही क्षणी येणार होते.

दादा मोटार शिकवणाऱ्या शाळेत मास्तर होता. समोरचा घाईत बोलायला लागला की त्याचा उजवा पाय आपोआप जमीन दाबायचा. आत्ता काका घाईत बोलत होते. दादाने ब्रेक दाबून धरला, पट्टे खांद्यावर चढवले, भाता उघडला आणि चाल सुरू

काका

काकांच्या मते अण्णा, म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, दादाचे बाबा, आयुष्यभर संथ वाजवत आला. काका साथीला ड्रम वाजवायचे आणि नेहमी दोन पावलं पुढे निघून जायचे. जलशात लोक आधी काकांना टाळ्या द्यायचे, मग अण्णाला. आजही चाल संपायच्या बरंच आधी काका शेवटाला पोचले आणि पुतण्याची वाट बघत बसले.

"आता वर जा," ते म्हणाले.

पुतण्या खाली गेला. जिना संपलाय हे न कळून आणखी एक पायरी उतरायला जावं आणि पाय फरशीवर आपटावा, तसं झालं. आईने डोळे मिटले.

"बघ. म्हणून सांगत होतो. वर."

दादाने वरचा वाजवला. आता जिना संपल्यावर हवेतली पायरी चढल्यासारखं झालं. वहिनी सकाळपासून काकांच्या बाजूने होती. ती काही काकांच्या कानावर विश्वास ठेवून नाही. दादाने तिला न विचारता खुर्च्यांचं काम तिच्या गळ्यात मारलं होतं म्हणून. हा वरचा स्वर ऐकून तिने काकांचा पक्ष सोडला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

काकांनी वाद्याच्या वयाला दोष दिला, मग दमट हवेला, मग दादाच्या बोटांना. तुझी बोटं गिअर टाकायची आहेत, असं ते म्हणाले. दादा म्हणाला की निदान ती हिरवा सिग्नल पडायच्या आधी निघत नाहीत. एकदा परत खाली, एकदा परत वर. दोन्हीकडे तोंडावर पडायला झालं. काकांनी काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या. आपण चुकलो असं मात्र ते म्हणाले नाहीत, कारण तसं ते आजवर कुणालाच कधी म्हणाले

वहिनी

वहिनी दवाखान्यात एक्स-रे काढायची. दुखतंय कुठे हे माणसाला नीट सांगता येत नाही, सरळ फोटो काढावा, हे तिचं सगळ्याच बाबतीतलं मत होतं. तिने सुचवलं की एका टोकापासून सगळ्या पट्ट्या दाबून बघू. चालीच्या मागे एकेक पट्टी लावायची आणि बसते का बघायचं.

"श्वास घ्या," ती दादाला सवयीने म्हणाली. "धरून ठेवा. सोडा."

दादाने भात्याऐवजी स्वतःचा श्वास धरला आणि लाल झाला.

कोपऱ्यात धाकटी, दादाची बहीण, बाबांच्या फोटोची लुळी पडलेली टेकण पिळून बसवत होती. तिचं चष्म्याचं दुकान होतं आणि पर्समध्ये नखाएवढा स्क्रूड्रायव्हर कायम असायचा. या चर्चेत तिला कुणी ओढलं नव्हतं. घरात तिला बहिरी म्हणायचे. ऐकायला तिला सगळं यायचं, पण सुराचा कान नाही असं स्वतः बाबांनी ती दुसरीत असताना जाहीर केलं होतं, आणि या घरात बाबांचं सुराबद्दलचं मत म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. वाढदिवसाला सगळे गायचे तेव्हा धाकटीकडे सुरी द्यायचे, म्हणजे तिचं तोंड बंद राहील आणि हात गुंतलेले. लग्न होऊन आल्यावर वहिनीला वाटलं होतं की हा या मुलीचा काहीतरी मान आहे.

दादा पट्ट्या दाबत गेला. धाकटी मान न उचलता दुकानातल्यासारखं विचारत होती, हे बरं की हे, आणि स्वतःच उत्तर देत होती. हे नाही. हेही नाही. हे तर मुळीच नाही. काका म्हणाले, बहिरीला विचारून स्वर ठरवायचा असेल तर मला विचारून रंग ठरवा. काका पाट्या रंगवायचे आणि हिरव्या-निळ्यात त्यांचा नेहमी घोळ व्हायचा, त्यामुळे हा विनोद त्यांच्या अंगावर आला आणि सगळे हसले.

हसणं ओसरल्यावर धाकटी म्हणाली, "ती डाग असलेली पट्टी राहिली."

"ती आत्ताच वाजवली," दादा म्हणाला.

"दाबलीस. वाजली नाही."

वहिनीने खोलीत नजर फिरवली. सगळ्यांच्या तोंडावर पुढचं हसू तयार होतं, फक्त कुणीतरी सुरुवात करायची होती. दादाने करायचं ठरवलं. बहिरीला दाखवायचंच म्हणून त्याने डाग असलेल्या पट्टीवर बोट रोवलं, भाता छातीपासून पार हात पुरेल तिथपर्यंत ओढला, आणि खोलीत कसलाच आवाज झाला

धाकटी

हेच तिने सांगितलं होतं.

दुसरीत होती. बाबा याच खोलीत वाजवत होते, ती जमिनीवर बसून त्यांच्या बोटांकडे बघत होती. शेवटी बोट या पट्टीवर आलं, पट्टी खाली गेली, बाबा म्हणाले शेवटचा स्वर तुमचा. ती म्हणाली, "बाबा, ही वाजत नाही." बाबांनी आधी दाराकडे पाहिलं. मग वाद्य गळ्यातून काढलं, पेटीत ठेवलं, दोन्ही खटके लावले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मायेने सांगितलं, "तुला कान नाही गं, बाळा."

तिने विश्वास ठेवला. शाळेत समूहगीताला ती नुसतं तोंड हलवायची. मोठेपणी डोळ्यांचा धंदा धरला, कारण डोळ्यांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. आणि नंतरही जेव्हा जेव्हा ती खोलीत असताना बाबा त्या जागी यायचे, तेव्हा ते तिच्याकडे बघून एक भुवई वर करायचे. एकच, डावी. तिला वाटायचं, बाबा आठवण करून देतायत: इथे एक स्वर असतो, तुला नाही कळायचा.

ती उठली. कुणी अडवलं नाही. वाद्य टेबलावर आडवं ठेवून तिने पट्ट्यांच्या बाजूची जाळी चार स्क्रू काढून उचलली. आत प्रत्येक पट्टीची एक चकती होती आणि चकतीखाली हवेची फट. डाग असलेल्या पट्टीची चकती तिने उचलली. फटीत खडू होता. वर्षानुवर्षं चकतीने ठोकून ठोकून आत बसवलेला, लेप लावल्यासारखा गुळगुळीत.

"पेटीत टाकायचे ना खडू," वहिनी म्हणाली. "गेला असेल जाळीतून."

"गेला नाही. कुण्या नापासाने घातला," काका म्हणाले.

दादा खडूकडे बघत होता. त्याच्या डोक्यात हळूहळू सगळी गाडी मागे जात होती. शेवटचा स्वर तुमचा. शेवटची पायरी तुमची. राक्षस दारात, बाबा पाणी प्यायला. एक पट्टी बंद पडली, भर वर्गात लाज राखायला तोंडातून एक वाक्य गेलं, वर्गाला ते आवडलं, आणि मग ते वाक्य खरं करत राहण्यात माणसाचं आयुष्य निघून गेलं. वाद्य दुरुस्त करायची सोयच राहिली नाही.

खाली गेट वाजलं. हेडमास्तर.

"खडू परत घाल," दादा म्हणाला.

"दादा, मी तेव्हा..."

"कळलं मला तू तेव्हा काय. आधी घाल. ते भाषण करणार आहेत. त्या एका स्वरावर भाषण आहे त्यांचं."

काका ताडकन दादाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. काका-पुतणे एका बाजूला हे घराने प्रथमच पाहिलं. कारण साधं होतं. आज सभेत शाळेला भेट द्यायची पाटी काकांनी स्वतः रंगवली होती, 'शेवटची पायरी तुमची', सोनेरी अक्षरात, आणि ती अजून पुरती वाळलीही नव्हती. वहिनीने खिडकी सोडली आणि ती धाकटीजवळ आली. ती म्हणाली की गाठ दिसली की काढायची, दिसल्यावर परत आत ठेवून टाके घालत नाहीत. दादा म्हणाला, ही गाठ नाही, हे बाबा आहेत.

धाकटीला पाटीचं काही नव्हतं आणि भाषणाचंही. तिला एवढंच हवं होतं की या खोलीतल्या कुणीतरी एकदा, सरळ शब्दांत म्हणावं की तिला ऐकू आलं होतं. ते सोडून सगळे सगळं बोलत होते. दोघं इकडे, दोघी तिकडे, आणि जिन्यात बूट वाजायला लागल्यावर चौघांनीही एकदम वळून आईकडे

आई

आईने हेडमास्तरांना दारातच थांबवलं. आत जरा पसारा आहे, पाच मिनिटं पाय पुसा, असं सांगून दार लोटून घेतलं. हेडमास्तर बाबांचे विद्यार्थी होते. ते आज्ञाधारकपणे पाय पुसत राहिले. आत ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

आई खुर्चीत बसली. तिने खडू हातात घेतला, नखाने खरवडला, फुंकला.

तिला आता एक गोष्ट उलगडत होती आणि राग येत होता. धाकटी दुसरीत असतानाच एके दिवशी हे स्वयंपाकघरात आले, दार लावलं आणि गंभीरपणे म्हणाले की या पोरीचे कान फार तीक्ष्ण आहेत, हिच्यापासून जपून राहायला हवं. आईला वाटलं, पोरगी आपलं नवरा-बायकोचं बोलणं ऐकते. तेव्हापासून कुठलीही खाजगी गोष्ट बोलायची तर ती नवऱ्याला मोरीत न्यायची आणि नळ सोडायची. दादाचं लग्न, घराची डागडुजी, काकांना किती दिवस ठेवून घ्यायचं, सगळं नळाच्या आवाजात ठरलं. बाबांना निम्मं ऐकूच यायचं नाही. ते हो म्हणायचे. त्या नळाची चकती झिजून झिजून गेली त्याचं कारण हे.

तिने हे जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं. काकांनी विचारलं, मला किती दिवस ठेवून घ्यायचं म्हणजे?

धाकटी म्हणाली, "तीक्ष्ण म्हणाले?"

"फार तीक्ष्ण. फार हा शब्द होता."

"मला नाही म्हणाले."

"तुला कसं म्हणणार? तू तेवढी एकटीच होतीस जिला माहीत होतं. घाबरायचे तुला ते." आई थांबली. "ती भुवई काय उगाच उडवायचे? मला वाटायचं, डोळ्याचा काही विकार आहे."

बाहेर हेडमास्तरांनी खाकरून पायपुसण्याची बाजू बदलली.

दादा हळू आवाजात म्हणाला, "आई, काय करायचं तेवढं सांग. तू सांगशील ते."

या घरातला प्रत्येक वाद इथेच येऊन थांबायचा आणि आई तो एका वाक्यात निकालात काढायची. सवयीने तिने तोंड उघडलंही. मग खडू धाकटीच्या तळहातावर ठेवला, तिची बोटं मिटवली आणि म्हणाली, "आज मला नका विचारू. आज शेवटचा शब्द

सभागृह

धाकटीचा शेवटचा शब्द असा होता: चाल नेहमीसारखी वाजवायची, नेहमीच्या जागी थांबायचं, लोकांना गाऊ द्यायचं. दादाने विचारलं, आणि खडू? तिने तो पर्समध्ये टाकला आणि जाळीचे चारही स्क्रू पिळून घट्ट केले. मग तिने हेडमास्तरांना आत घेतलं. त्यांचे बूट इतके स्वच्छ झाले होते की ते आत काढायचे की नाहीत याचा त्यांना क्षणभर विचार पडला.

सभागृह भरलं होतं. टकलू विद्यार्थी, चष्मेवाले विद्यार्थी, नातवंडं मांडीवर घेतलेले विद्यार्थी. चष्म्यांपैकी निम्मे धाकटीच्या दुकानातले होते, त्यामुळे ती व्यासपीठावर चढली तेव्हा बऱ्याच जणांनी हात लावून दांड्या सरळ केल्या. हेडमास्तर शेवटच्या स्वरावर बोलले. सरांनी आम्हाला उत्तर दिलं नाही, उत्तरापर्यंत आणून सोडलं, असं म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं की म्हणूनच मी गणितात राहिलो, आणि सगळे प्रेमाने हसले. काकांनी पाटीवरचा कपडा काढला. कपड्याला 'पायरी'चा थोडा भाग चिकटून आला. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

मग दादाने चाल वाजवली. काका पुढे पळाले नाहीत. निदान नेहमीइतके नाहीत. शेवटच्या स्वराच्या अलीकडे दादाने बोटं उचलली आणि म्हणाला, "शेवटचा स्वर तुमचा."

सभागृह उठून उभं राहिलं आणि गायलं. ज्याला जो आठवला तो. वरचे वर गेले, खालचे खाली, एका बाजूच्या रांगा भलत्याच चालीत शिरल्या, आणि एका गृहस्थाने सुट्टी झाल्यासारखी टोपी हवेत फेकली. इतका भयंकर आवाज त्या छपराखाली त्याआधी फक्त निकालाच्या दिवशी झाला असेल. दादाने सवयीने जमिनीवर ब्रेक दाबला. आई पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत होती, आणि ती रडत नव्हती.

आवाज विरल्यावर लोक बसायला लागले. धाकटी दादाजवळ आली. त्याने न विचारता भाता ओढून धरला. तिने एका बोटाने डाग असलेली पट्टी दाबली.

स्वर निघाला. घोगरा होता, कित्येक वर्षांनी झोपेतून उठल्यासारखा, आणि सुरुवातीला थोडी खडूची पूड उडाली. काका म्हणत होते तसा तो वर नव्हता आणि दादा म्हणत होता तसा खालीही नव्हता. चाल एवढा वेळ जिथे पोचू बघत होती नेमक्या तिथेच तो होता. जिना संपला होता आणि पाय बरोबर फरशीवर पडला होता.

लोकांना काही कळलं नाही. त्यांच्या मते चाल आधीच झाली होती. हेडमास्तर लगबगीने माईककडे झुकले आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, "असू द्या, असू द्या. ताईंचा चुकून हात लागला."

दादाने एका हाताने भाता सांभाळत दुसऱ्या हाताने माईक स्वतःकडे वळवला. त्याने कधी भाषण केलं नव्हतं. गाडी शिकवताना बोलतो तसं एकेक शब्द सुटा बोलला.

"चुकून नाही, सर. तिला कान आहे. पहिल्यापासून आहे."

सभागृहात कुणाला याचा अर्थ लागला नाही, तरी ते एवढ्या ठामपणे सांगितलं गेलं होतं की मागच्या एक-दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी ड्रमवर एक ठोका दिला, तोही वेळेवर. वहिनी म्हणाली, आता सोडा श्वास, पण ती कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

धाकटीने बाबांच्या फोटोकडे पाहिलं. फोटोवाल्याने दोन्ही भुवया एका रेषेत बसवून घेतल्या होत्या. मग तिने दादाकडे पाहिलं. तो बाबांसारखी एक भुवई वर करायचा प्रयत्न करत होता. दोन्ही जात होत्या, कानही हलत होते.

"हसू नकोस," दादा म्हणाला.

पहिल्या रांगेतून आई म्हणाली, "पुन्हा."

दादाने भाता पार हात पुरेल तिथपर्यंत उघडला. धाकटीने पट्टी दाबली आणि दाबून धरली, आणि भात्यातली हवा संपेपर्यंत ती पट्टी वाजली.